फ्रीजमधलं लिव्हर

फ्रीज उघडला आणि छायाबाईंचा जीव भांड्यात पडला. आखातातल्या खलिफा सिटीत, मुलाच्या घरी, बुधवारी भरदुपारी, वसईकर शेजारीण डोरोथी न सांगता टपकली होती. आणि इथे डब्यात चायना ग्रासची वडी आयती तयार! छायाबाईंनी पटापट चौकोन पाडले, वर गुलाबाचं सरबत ओतलं.

डोरोथी दुसरा चौकोन चघळत होती, एवढ्यात नातू वेदांग आला.

"आजी! दॅट्स मम्माज लिव्हर!"

डोरोथीचा चमचा हवेतच राहिला. "कुणाचं लिव्हर गो बाय?"

फोन केल्यावर सृष्टी, म्हणजे सूनबाई, लॅबमधून धावतच घरी आली. लॅबचा फ्रीज बंद पडला म्हणून तिने ते नकली लिव्हर घरी ठेवलं होतं.

"आई, उद्या दहाला याच लिव्हरवर डेमो आहे! कमिटीला पटलं नाही, तर प्रोजेक्ट खलास!"

हा प्रोजेक्ट छायाबाईंना तोंडपाठ होता. शरीरातल्या पेशी सूक्ष्म पिशव्या सोडतात. सृष्टी त्यांत कॅन्सरचं औषध भरणार, बाहेरून अल्ट्रासाऊंड नेमका रोगाच्या जागी रोखणार, आणि पिशव्या तिथेच रिकाम्या होणार. बाकी अंगाला धक्का नाही! यजमानांचे केमोतले हाल पाहिलेल्या छायाबाईंना ही सून साक्षात देवी वाटे. आणि देवीचा नैवेद्य त्यांनी शेजारणीला वाढला होता!

"रडू नकोस," त्या पदर खोचत म्हणाल्या. "चायना ग्रासची पाकिटं आहेत घरात. प्रमाण सांग, आणि तू जा तुझ्या पिशव्या भरायला."

"नुसतं पाणी आणि चायना ग्रास. पण एकही बुडबुडा नको हं, अल्ट्रासाऊंडचं चित्र बिघडतं."

"बुडबुडे? माझ्या हातचे? चाळीस वर्षं करतेय, हबीबी!"

डोरोथीने मलमलचं फडकं धरलं, छायाबाईंनी मिश्रण हलक्या हाताने गाळलं. रक्तवाहिनीसारखी पोकळी राहावी म्हणून मधोमध विणायची सुई खोचली.

गुरुवारी अकराला फोन वाजला.

"आई, औषध बरोब्बर जागेवर सुटलं! कमिटीने तीन वर्षं वाढवून दिली!"

छायाबाईंचे डोळे भरून आले. "गुणाची गं माझी पोर!"

"पण आई, माझ्या लिव्हरमधून अल्ट्रासाऊंडचा आवाज खऱ्यापेक्षा कमी वेगाने जायचा. चार महिने डोकं आपटत होते. तुमच्यातून अगदी खऱ्यासारखा गेला! सर विचारतायत, काय घातलंत?"

छायाबाई ओशाळल्या.

"वाटीभर साखर. अगं, एवढी मोठी माणसं येणार, त्यांच्यापुढे फिकं कसं पाठवू?"