मालतीकाकूंचं वाण

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देतात. मालतीकाकू व्यायामाचे रबरी पट्टे देतात. "वाटीनं कुणाची कंबर मजबूत झाली का?" असं कुंकू लावता लावता विचारतात. आवाज भांडणाचा. त्यांचा नेहमीचा आवाज तोच आहे.

काकू माझ्या शेजारी, मुलाकडे राहतात. नागपूरला मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवत. नवं लग्न झालेली मुलगी दिसली, की इतर बायका "गुड न्यूज कधी?" विचारतात. काकू विचारतात, "जिना चढून दम लागतो का?" थंडीत त्या अशा मुलींना मॉलमध्ये चालायला नेतात. एखादी सेलची पाटी वाचायला रेंगाळली, की मागून हाक येते, "काहून थांबली?"

त्यांचं म्हणणं ठरलेलं. "दिवस राहिले, की सगळ्या जाग्या होतात. केशर, डिंकाचे लाडू. अगं, पाहुणा यायच्या आधी घर झाडतात. तो सोफ्यावर बसल्यावर नाही!"

एका डोहाळजेवणात कुणी "आता दोघांचं खायचं हं" म्हणालं, तेव्हा काकूंनी बर्फीचं ताट उचलून त्या बाईंच्याच मांडीवर ठेवलं.

मॉलमध्ये चालणाऱ्या मुलींतली ऋचा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि लग्नाआधीपासून धावते. तिच्यावर काकू सर्वांत कमी ओरडत. या मार्चमध्ये तिचं बाळ फार लवकर जन्मलं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात पाडव्याचा कार्यक्रम होता. जेवणाच्या रांगेत मंडळातल्या शोभाताई म्हणाल्या, "इतकं धावायचंच कशाला? हादऱ्यानं झालं असणार."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "डॉक्टर म्हणतात, धावण्यानं नाही. तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात? धावली नसती, तरी तिलाच धरलं असतं. बसली तर आळशी, धावली तर आगाऊ! पोर पेटीत आहे, आणि तुम्हाला आरोपी पाहिजे?"

"काकू, चिल करा ना यार," वाढणारा एक तरुण म्हणाला.

"तू श्रीखंड वाढ."

न जेवता त्यांनी मला गाडी काढायला लावली. हॉस्पिटलमध्ये ऋचा पेटीशेजारी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काकू, खरं सांगा. मी धावले म्हणून झालं का?"

"नाही."

"नक्की नाही ना?"

"नाही. पुन्हा विचार, पुन्हा नाही म्हणते."

ऋचानं पुन्हा विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. काकू दर वेळी तितक्याच ठामपणे नाही म्हणाल्या. एकदाही आवाज चढला नाही.

परतताना हायवेवर त्यांनी गाडीतला रेडिओ बंद केला.

"माझं पहिलं गेलं, तेव्हा मी शाळेत लेझीम शिकवत होते," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या, हिच्या नाचण्यानं खाल्लं पोराला."

"आणि काका?" मी विचारलं.

"भला माणूस होता. काही बोलला नाही."