केळुसकरांची तोटी

मोटारीचे ऑइल बदलण्यासाठी अंगावरचे साधे कपडे उतरवून इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे चढवणारे गृहस्थ आमच्या बोरीवलीत एकच होते, आणि ते आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहत. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, एका हातात पितळी परात आणि दुसऱ्या हातात बायकोची छत्री अशा थाटात वामन केळुसकर रविवारी सकाळी आवारात उतरत. इंजिनातले तेल परातीत सोडून झाले की दोन्ही हात पसरून वरच्या गॅलऱ्यांकडे पाहत आणि म्हणत, "डाग दाखवा, दंड घ्या."

दंड वसूल करण्याची संधी त्यांनी कोणालाही दिली नाही. मी स्वतः चष्मा पुसून त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घातलेली आहे.

या प्रकाराचे मूळ एका बेकायदेशीर सूचनेत आहे. आमचे सेक्रेटरी पोतनीस यांनी एके दिवशी जिन्याखालच्या फलकावर टाचले की, आवारात वाहनाखाली शिरून अथवा हत्यारे वापरून वाहनाची दुरुस्ती केल्यास त्या वाहनाची जागा रद्द करण्यात येईल. सर्वसाधारण सभेची मंजुरी नाही, ठराव नाही, सूचक-अनुमोदक नाहीत. दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत माझी सारी नोकरी गेली. असला कागद तेथील शिपायानेही परत केला असता. मी पोतनिसांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. स्मरणपत्र लिहिले. त्यानंतर ते जिन्यात मला पाहून वाट बदलू लागले, यालाच उत्तर समजायचे तर समजावे.

सूचनेचा रोख केळुसकरांवर होता. त्यांची जुनी काळी गाडी त्यांच्याच खिडकीखाली उभी असे, आणि ती तेथेच उभी राहणे आवश्यक होते. त्यांच्या पत्नी मालतीवहिनींची डावी बाजू अर्धांगाने गेली होती. केळुसकर त्यांना उचलून गाडीत बसवीत. जागा रद्द झाली असती तर गाडी हमरस्त्यापलीकडे नाल्याच्या कडेला लावावी लागली असती, आणि तेथवर वहिनींना नेणे त्यांना शक्य नव्हते. रिक्षात वहिनींना बसता येत नसे. ऑइल बदलायला गाडी गॅरेजात द्यावी तर ते लोक ती संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवीत. वहिनींना झटका आला तेव्हा गाडी नेमकी गॅरेजात होती. घरात टेलिफोन नव्हता. तेव्हापासून वहिनींना घरी ठेवून गाडी फाटकाबाहेर गेलेली नाही.

मी त्यांना घरी बोलावून सूचना शब्दशः वाचून दाखवली. मनाई दोनच गोष्टींना होती: गाडीखाली शिरण्याला आणि हत्याराला.

"म्हणजे पान्याशिवाय, बाहेर राहून केलं तर?" त्यांनी विचारले.

"तर पोतनिसांना नवा नियम करावा लागेल."

केळुसकर चहा तसाच टाकून उठले.

पुढचे काही आठवडे त्यांना तोट्यांचे वेड लागले. लग्नकार्यात जेवण सोडून ते चहाच्या पिंपाची तोटी उघडझाप करीत बसले. कोणाकडे गेले की पाण्याच्या फिल्टरखाली वाकून पाहत. अखेर घाटकोपरच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी पितळी तोटी करून आणली. इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या चेंबरला जो नट असतो तो काढून त्या जागी ती कायमची बसवायची होती. ते काम मात्र त्यांनी डॉक्टरांकडून परतताना दुसऱ्याच्या आवारात थांबून केले, वहिनींना मागच्या सीटवर बसवून. तोटीला आडवी दांडी होती. दांडी ओढली की तेल मोकळे, ढकलली की बंद. खड्ड्यातून जाताना ती आपोआप उघडू नये म्हणून वर एक खिट्टी. पहिली तोटी गळली आणि आवारात तेलाच्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. त्याबद्दल मी त्यांना सौम्य शब्दांत दोन पानी पत्र दिले. दुसरी घट्ट बसून उघडेना. तिसरी अशी जमली, की केळुसकर छत्रीच्या टोकाने परात गाडीखाली सरकवीत, छत्रीच्याच टोकाने खिट्टी उचलीत आणि वळणदार मुठीने दांडी ओढीत. गाडीखाली कोणी गेले नाही, कोणी पान्याला हात लावला नाही.

पोतनीस सफारी घालून पाहणीला आले, सोबत समितीचे दोघे. नियमांची प्रत घेऊन मीही हजर झालो. केळुसकरांनी तोटी उघडली, तेल परातीत पडू लागले, आणि पोतनिसांनी छत्रीकडे बोट केले. हे हत्यार आहे, असे त्यांचे म्हणणे पडले.

"मग पावसाळ्यात सगळ्या सोसायटीवर कारवाई करा," मी म्हणालो.

गॅलऱ्यांत हशा झाला. पोतनिसांचा चेहरा लाल झाला. खाली नक्कीच पाना लपवला आहे, असे म्हणत ते गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, आणि शेवटी खांद्यापर्यंत गाडीखाली शिरले. तेथे पाना नव्हता, परात होती. बाहेर आले तेव्हा सफारीच्या खांद्यापासून खिशापर्यंत तेलाचा ओघळ होता.

केळुसकर अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, आज डाग तुम्हीच दाखवलात."

वाहनाखाली शिरणारी त्या दिवशीची एकमेव व्यक्ती म्हणजे स्वतः सेक्रेटरी, हे मी दोन्ही सभासदांच्या निदर्शनास आणून दिले. ते दुरुस्तीच्या हेतूने शिरले नव्हते, हा मुद्दा त्यांच्या बाजूचा होता. तो मी मांडला नाही. दुसऱ्या दिवशी फलकावरची सूचना गेलेली होती.

पाहणीच्या दिवशीच, मंडळी पांगल्यावर मी केळुसकरांना विचारले, "मालतीवहिनींसाठी जागा हवी आहे, एवढं सभेत सांगितलं असतंत तर एकानेही विरोध केला नसता. एवढा खटाटोप कशाला?"

तेलाची परात डब्यात रिकामी करीत ते म्हणाले, "दया करून दिलेली जागा उद्या दुसऱ्या कोणाची दया आली की काढून घेतील. नियमाने माझी आहे, नियमानेच राहू दे. आणि तिची कहाणी पोतनीस फलकावर लावणार? नाय जमायचा."

मी घरी जायला वळलो, आणि एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून पुन्हा थांबलो. गाडी फारशी चालत नसे. वापरलेले तेल काळे पडते; परातीतले अजून मधाच्या रंगाचे होते. हे गृहस्थ इतक्या वारंवार ते बदलतात तरी का, हे मला विचारायचे होते.

केळुसकरांची पाठ माझ्याकडे होती. मी गेलो अशी त्यांची समजूत असावी. त्यांनी परातीच्या काठाला करंगळी लावली आणि ती सदऱ्याच्या बाहीवर, कोपराच्या जरा मागे, हलकेच टेकवली. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "डाग दाखव, दंड घे."

खिडकीत मालतीवहिनी होत्या. आजारानंतर त्यांनी बाहेर जाणे टाकले होते. आपल्याला उचलून नेताना सारे आवार पाहते, याची त्यांना लाज वाटे. डॉक्टरांखेरीज कोठेही न्यायचे नाव काढले की मान फिरवीत. त्यांनी केळुसकरांची छाती न्याहाळली, गळपट्टी न्याहाळली. बोटाने वळायची खूण केली. केळुसकर आज्ञाधारकपणे वळले. खिडकीच्या गजांतून उजवा हात बाहेर आला आणि बाहीला धरून राहिला.

"गावलो डाग," त्या म्हणाल्या. शब्द जड होते, पण स्पष्ट होते.

केळुसकरांनी हताश होऊन कपाळावर हात मारला. "चुकलो. दंड काय, बोल."

"पार्क. फाटकापर्यंत."

तोटी बंद करून, इंजिनात नवे तेल ओतून केळुसकर घरात गेले आणि थोड्या वेळाने त्यांना दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. वहिनी नवी साडी नेसल्या होत्या आणि त्यांनी मान खाली घातलेली नव्हती. दंड वसूल करायला निघालेल्या माणसाने ती खाली का घालावी? गाडी नॅशनल पार्कच्या दिशेने गेली.

आवारात, गाडीच्या रिकाम्या जागेवर, तेलाचा एक थेंब सांडलेला होता. नियमानुसार त्याची लेखी नोंद करणे माझे कर्तव्य होते. मी पायाने माती सारून तो झाकला.