पटलेकाकांचे क्रेडिट

पटलेकाका लग्नाहून परतले की गल्लीत कुणी त्यांना नवरी कशी होती, हे विचारत नाही. "किती क्रेडिट?" एवढंच विचारतात. मागच्या एका लग्नाचा निकाल त्यांनी फाटकातच लावला, "जेवण चार क्रेडिट. बुंदी कडक होती, नाही तं पाच देले असते. बँड नॉन-क्रेडिट!"

काका कुडव्यातले माझे शेजारी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बिरसीला, विमानतळाजवळ, त्यांच्या धानाच्या चार बांध्या आहेत. तिथे शेताच्या धुऱ्यावर बसून ते डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ वैमानिकांनाही सोडत नाहीत. विमान धावपट्टीला टेकून पुन्हा उडालं की म्हणतात, "या पोट्ट्याले अजून एक सेमिस्टर लागते." माझ्या बायकोच्या चहाला एकदा दीड क्रेडिट मिळाले. आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही, जसे काही मार्क मीच कापले होते.

हा शब्द त्यांना माझ्याच टेबलावर मिळाला. मी गोंदियातल्या एका कॉलेजात, निरंतर शिक्षण विभागात बाबू आहे. आमच्याकडे नोकरी करणारे, घर सांभाळणारे, कुणीही येऊन शिकतात. फॉर्मवर दोन चौकटी असतात. 'क्रेडिट'वर खूण केली तर परीक्षा, मार्क आणि पुढे नोकरीला चालणारी गुणपत्रिका. 'नॉन-क्रेडिट'वर केली तर वर्गात बसा, शिका, हजेरीचं प्रमाणपत्र घ्या आणि घरी जा.

प्रवेश सुरू झाले की काका माझ्या खिडकीशी हजर. "काऊन वो बाई, नॉन-क्रेडिटवर कायले टिक करून राहिली? खोड ते!" प्राचार्यांकडे तक्रारी गेल्या. काका हटेनात. शेवटी मीच त्यांना एक स्टूल दिलं. का दिलं, ते मला ठाऊक होतं.

पटलेकाकूंना लहान मुलांचं भारी वेड. बऱ्याच वर्षांपूर्वी बालवाडी शिक्षिका होण्याच्या वर्गाला नाव घालायला त्या काकांबरोबर आल्या होत्या. फॉर्म काकाच भरत होते. परीक्षा जुलैत, नेमकी रोवणीच्या आठवड्यात, धानाची रोपं म्हणजे पऱ्हे लावायच्या दिवसांत. "पऱ्हे काही पेपरासाठी थांबत नाही, बाबू," म्हणून काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझी जेवणाची सुट्टी झाली होती, डबा उघडा होता. मी म्हणालो, "शिकवतात तेच हो काकू दोन्हीकडे. काही फरक नाही."

काकूंनी फॉर्मकडे क्षणभर पाहिलं. "बरं जी," म्हणाल्या. काकांनी 'नॉन-क्रेडिट'वर खूण केली.

त्यांनी एक वर्ग चुकवला नाही. पुठ्ठ्याचे हत्ती केले, वही सुंदर अक्षरात भरली. जाड किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. पुढच्याच वर्षी जवळच्या एका शाळेला बालवर्गासाठी बाई हवी होती. काकू तिथे भेटायला गेल्या, तर मुलं त्यांना लगेच चिकटली, मोठ्या बाईंनाही त्या आवडल्या. मग त्यांनी गुणपत्रिका मागितली.

काकू परत आल्या तेव्हा मी फाटकात काकांशी बोलत उभा होतो.

"काय म्हनलं त्याईनं?" काकांनी विचारलं.

"क्रेडिट विचारलं जी," एवढं बोलून त्या स्वयंपाकाला लागल्या. आम्हा दोघांनाही त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

वर्ग पुन्हा करता आला असता. काका दरवर्षी म्हणायचे, "यंदा फॉर्म भरू." दरवर्षी रोवणी आली. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

गेल्या जानेवारीत काका स्टूल सोडून रांगेत उभे राहिले. तोच वर्ग. 'क्रेडिट'वर त्यांनी एवढ्या जोरात खूण केली की कागद फाटला. मला हसू आलं, त्याची आज लाज वाटते. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस विशीतल्या मुलींमध्ये बसून हातवारे करत बडबडगीतं म्हणायचा. अभ्यास काकूंच्या वहीवरून करायचा. जुलैत पेपर आणि रोवणी पुन्हा एकाच आठवड्यात आली. काकांनी पेपर दिले.

नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "रोवणी चार दिवसानं केली, बाबू. पऱ्ह्याले काहीच नाही झालं."

परवा निकाल आला. काका पास झाले होते. खिडकीशी उभं राहून त्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "याच्यावर तुह्या काकूचं नाव टाकता येते का?"

"नाही येत, काका."

"काहीच नाही होत?"

"नाही. पण तुम्हाला बारा क्रेडिट मिळाले ना!"

"मंग हे बी नॉन-क्रेडिटच झालं," म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि स्कूटर काढून निघून गेले.

त्यांच्यामागे एक बाई उभी होती, कोरा फॉर्म घेऊन. "सर, या दोन्हीत फरक काय आहे?" तिनं विचारलं. जेवणाची सुट्टी झाली होती. मी डबा बाजूला सारला आणि काकांचं स्टूल पुढे ओढून तिला बसायला सांगितलं.