न थांबणाऱ्या दोन मुली

सोमवारी सकाळी नंदिनी मगदूमने लिहिलेल्या संगणक प्रोग्रामने कामासाठी जन्माला घातलेल्या दोन मुली सांगलीच्या ऑफिसात येऊन बाकावर बसल्या, कारण त्यांना थांबवणं कुणालाच जमत नव्हतं.

थोरली लिनक्सवर चालायची, धाकटी विंडोजवर. दोघींचं काम एकच, तासगावच्या शीतगृहात द्राक्षं थंड ठेवण्याचं. थांब म्हटलं की आधी कॉम्प्रेसर बंद करायचा, मग थांबायचं, असं त्यांना शिकवलेलं होतं. पण हाका मारमारून गळे बसले तरी दोघी ढिम्म. आपापल्या कॉम्प्रेसरची कळ त्यांनी मुठीत धरून आणली होती, आणि तिकडे द्राक्षं गोठायला आली होती.

"मारून टाक दोघींना," नंदिनीचे साहेब आवटी म्हणाले. "जबरदस्तीपुढे कुणाचं चालत नाही."

"मग कळ कोण बंद करणार, सर?"

नंदिनीला आता राहवेना. तिने खुर्ची ओढली आणि थोरलीला विचारलं, "हाक ऐकू येत नाही का गं?"

"येत असेल. मनावर घ्यायची पद्धत नाही आमच्या घरात."

"आणि तुला?"

"आमच्याकडे तसली हाकच नसते," धाकटी म्हणाली. "बेल असते. ती कुणी वाजवली नाही."

नंदिनीने त्यांच्या आईला, म्हणजे मूळ प्रोग्रामला, बोलावून घेतलं. आई घाईत आली.

"कामात असताना हाका मारलेल्या मला खपत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून मी माझ्या कानांत बोळे घातले. त्यानंतर ही थोरली झाली."

नंदिनीने थोरलीच्या कानांपाशी वाकून पाहिलं. बोळे जन्मापासूनचे होते. तिने ते हलकेच काढले. थोरली दचकली आणि पंख्याच्या आवाजाकडे बघत राहिली. मग नंदिनीने एकीला हाक मारली आणि दुसरीसाठी बेल वाजवली. दोघींनी कळा बंद केल्या. तासगावहून फोन आला, द्राक्षं वाचली.

धाकटी उठून निघून गेली. थोरली बसूनच राहिली.

"तू गेली नाहीस?"

"काम संपलं माझं. पण आमच्या घरात, काय झालं ते आईने विचारल्याशिवाय जाता येत नाही."

आई जिन्यापर्यंत पोचली होती. नंदिनी तिच्यामागे धावली.

"विचारायचं असतं होय?" आई म्हणाली. "मला वाटायचं, आपापल्या जातात."

ती परत आली, बाकावर टेकली आणि अवघडून म्हणाली, "काय झालं गं?"

"शून्य," थोरली म्हणाली. काही बिघडलं नाही, असा त्याचा अर्थ.

"बरं."

थोरली गेली. मग आईने नंदिनीला विचारलं, "याआधीच्या माझ्या सगळ्या मुली कुठे बसल्या असतील हो?"

नंदिनीने पर्स उचलली आणि दोघी जिना उतरून शोधायला निघाल्या.