सायकल, मूळ गंजासह

वस्तू उपयोगी पडत असते तोवर तिला कुणी विचारत नाही. ती निरुपयोगी झाली, की तिचं मोल ठरवायला तज्ज्ञ येतात. (माणसांच्या बाबतीत या नियमाचा फक्त पहिला भाग अमलात आहे.)

शिंपीकाकांना हे ठाऊक नव्हतं. पातळ चाकांची, वाकड्या हँडलची रेसिंग सायकल त्यांनी तरुणपणी घेतली आणि तिच्यावरून जन्मभर गिऱ्हाइकांचे कोट घरपोच केले. आता गुडघ्याने राजीनामा दिला आणि सायकल पॅसेजमध्ये उभी राहिली. काकूंची नडगी तिच्या पायडलला रोज नेमाने भेटायची.

"अहो, एक तर ती जाईल, नाहीतर माझा पाय."

"जाईल गं. पण चालवणाऱ्याच्या हाती जाऊ दे. उभ्याउभ्या सांधे धरतील तिचे."

"तुमचे धरलेत तेवढे पुरेत."

जाहिरात देण्यापूर्वी काकांनी एक गुन्हा केला: सायकल पुसली. कोट द्यायचा तर इस्त्री करूनच, हा त्यांचा शिरस्ता. गंज घासून काढला, हँडलची मळकी पट्टी बदलली, ब्रेकचे वाळलेले रबर कचऱ्यात टाकून नवे बसवले. सायकल अशी झळकली, की काकू म्हणाल्या, "माझ्याकडे कधी इतक्या मायेने बघितलंत?" काका चेनला तेल देत राहिले.

जाहिरात वाचून पहिले आले ते दुर्मिळ सायकल जतन मंडळाचे अध्यक्ष. (मंडळाकडे शंभर सायकली आहेत. पैकी नव्व्याण्णव चालत नाहीत. एकीबद्दल चौकशी सुरू आहे.) पांढरे हातमोजे चढवून, भिंग काढून ते सायकलीवर वाकले आणि मग स्टुलावर बसले. पाणी मागितलं.

"काका, गंज कुठे गेला?"

"घासला की."

"मूळ गंज होता हो तो." अध्यक्षांनी भिंग खिशात ठेवलं. "आणि ब्रेकचे जुने रबर?"

"कचऱ्याच्या गाडीत."

समाचाराला आलेल्या माणसासारखं अध्यक्षांनी उरलेलं पाणी संपवलं.

तरी एक आशा होती: मागचा गिअर. हा नमुना एकच वर्ष निघाला, कारण दांडा ओढला तरी गिअर बदलायचाच नाही. कारखान्याने माफी मागून सगळे परत मागवले. जे परत गेले नाहीत ते दुर्मिळ ठरले. आता बघा, जे धड चालतं ते ढिगाने निघतं, म्हणून त्याला मोल नाही. जे चालतच नाही ते थोडं निघतं, म्हणून काचेच्या कपाटात जातं. (या तर्काला मंडळात आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. पदाधिकाऱ्यांची निवडही याच तत्त्वावर होते.)

अध्यक्षांनी गिअरचा दांडा ओढला. गिअर बदलला. पुन्हा ओढला. पुन्हा बदलला.

"हे काय?"

"आधी अडायचा मेला. मग शिवणयंत्राची मोडकी सुई बसवली आत. तेव्हापासून तक्रार नाही."

"म्हणजे तुम्ही तो चालू केलात."

"हो," काका ओशाळले. "चुकलं का?"

मंडळाने तातडीची बैठक घेऊन तोडगा काढला. सुई काढावी. सायकल बाथरूममध्ये ठेवून समाधानकारक गंज येऊ द्यावा. मग गिअर अध्यक्षांनी, ब्रेक उपाध्यक्षांनी आणि सीट खजिनदारांनी न्यावी. उरल्या सांगाड्याला भिंतीवर मानाची जागा द्यावी. मोबदल्याचा आकडा अध्यक्षांनी काकूंच्या कानात सांगितला. काकूंनी लगेच बाथरूममधली बादली हलवून जागा केली. काका त्या जागेकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुई काढायला अध्यक्ष चिमटा घेऊन आले, तर दारात एक नर्स उभी. जाहिरात तिनेही वाचली होती. सकाळच्या पाळीला पोचायचं तर तिला दोन बस बदलाव्या लागत. तिने हातमोजे घातले नव्हते, ही तिची पहिली चूक. दुसरी म्हणजे, तिने अगदी अडाणी प्रश्न विचारला.

"काका, चालते का हो?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बघा ना चालवून," काका म्हणाले.

ती समोरचा चढ चढून वळणापर्यंत गेली आणि विस्कटल्या केसांनी परत आली. "चढ कळलाच नाही. सीट थोडी खाली होईल?"

"बाई, तुम्ही ही चालवणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग काय करणार?"

"झिजेल ती."

"मी नाही का झिजत रोज?"

काकांनी पाना काढला. सुटे भाग निघणार म्हणून अध्यक्षांनी हातमोजे चढवले. काकांनी नर्सकडे एकवार, माप घ्यावं तसं पाहिलं आणि सीट दोन बोटं खाली घेतली. काकूंनी एक सुस्कारा सोडला आणि बादली परत जागेवर नेऊन ठेवली.

अशा रीतीने एक अनमोल ठेवा वापरात जाऊन वाया गेला. मंडळाने निषेधाचा ठराव केला. ती सायकल आता रोज सकाळी त्या चढावर दिसते, ऊन-पाऊस खाते आणि दिवसेंदिवस कवडीमोल होते आहे.

इथवर वाचून तुम्हाला एक प्रश्न पडला असेलच: काकूंच्या कानात सांगितलेला आकडा केवढा होता? नर्स वेळेवर पोचते का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. असू द्या. मंडळाच्या दप्तरी सभासद मोजकेच असले, तरी खरी संख्या बरीच मोठी असावी. आपलं स्वागत आहे. हातमोजे मंडळाकडूनच मिळतात.