गुणवंतरावांचं पहिलं करारपत्र

"ऐकलं का वं! आजपासून कोर्ट बंद!" नव्या राखाडी कोटाची बटणं लावत गुणवंतरावांनी आरोळी ठोकली. "आता आपण कंपनीचे वकील!"

"भांडण नाई, त वकील करते काय?" चहाची कपबशी पुढे करत इंदुताईंनी विचारलं.

"भांडण होऊच नये म्हणून आधीच कागद करते! मोठं डोक्याचं काम हाय!"

"मंग आपल्या घरी पह्यले लावा हा कायदा."

गुणवंतराव खदखदून हसले. आज ते कशालाही हसले असते. चांद्याच्या कोर्टात दोन वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या म्हशींची बाजू मांडली होती. आता नवा कंपनी कायदा आला होता. नूर मोहम्मद शेठनी आपल्या लाकूड-डेपोची रीतसर कंपनी केली होती आणि महिनाभरापासून ते गुणवंतरावांना सल्लागार म्हणून पारखून पाहत होते. शेवटची अट एकच होती. डेपोचा रस्ता देवाजी नावाच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, काढायचा होता. आज त्याच्याशी करार झाला तर नोकरी पक्की. नाही झाला, तर परत कोर्ट अन् परत म्हशी!

करारपत्र गुणवंतरावांनी स्वतःच लिहिलं होतं. असं आवळून लिहिलं होतं, की देवाजीला शिंकायलाही कंपनीची परवानगी लागावी.

देवाजी डेपोच्या कचेरीत आला आणि गुणवंतरावांना पाहताच त्याचा चेहरा खुलला. मागच्याच वर्षी त्यांनी त्याला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, खटला जिंकून दिला होता.

"अरे बाप्पा, आपले वकीलसाहेब! तुमी आहा, त मले काय फिकर!"

त्यानं खुर्ची उचलली आणि थेट गुणवंतरावांच्या पाठीमागे मांडली. कोर्टात अशिलाची जागा तीच. मुद्दा खटकला की अशिलानं मागून कोट ओढायचा आणि वकिलानं उठायचं, ही तिथली रीत. "अहो देवाजीभाऊ, मी आता..." असं गुणवंतराव म्हणतात न म्हणतात तोच शेठनी वाचायला सुरुवात केली.

"कंपनीचे ट्रक बारा महिने देवाजीच्या बांधीतून जातील."

मागून कोट ओढला गेला, आणि काय सांगावं! गुणवंतराव ताडकन उभे राहिले.

"हरकत आहे! बारा महिने? मग माझ्या अशिलानं धानाचा रोवणा करावा कुठी? शेठजींच्या टेबलावर?"

शेठचा चष्मा नाकावर घसरला. ते कानाशी लागून कुजबुजले, "अजी, ये तो तुमीच लिवलं ना!"

"कोणी लिहिलं ते महत्त्वाचं नाही! लिहिणाऱ्यानं जन्मात धान पाहिलं नाही, हे उघड आहे!"

शेठनी घाबरत पुढचं कलम वाचलं. "धुरा फुटला, तर दुरुस्ती देवाजीनं करावी."

कोट पुन्हा ओढला गेला.

"वा रे न्याय! ट्रक कंपनीचा, धुरा फोडणार कंपनी, अन् माती टाकणार देवाजी? ज्यानं हे कलम लिहिलं, त्याला आधी पिंजऱ्यात उभं करा!"

"उभाच हाय," शेठ कपाळाला हात लावून पुटपुटले. देवाजीनं दाराशी उभ्या असलेल्या चपराशाकडे रागानं पाहिलं.

गुणवंतराव विजयी मुद्रेनं न्यायाधीशांकडे वळले. तिथे न्यायाधीश नव्हते. कंपनीचा नवा कोरा बोर्ड होता, आणि त्याच्याखाली शेठ होते. गुणवंतराव मटकन खुर्चीत बसले. मेलो, गेली नोकरी! आता इंदूला काय तोंड दाखवायचं?

शेठनी चष्मा सारखा करून दोन्ही कलमं पुन्हा वाचली.

"पावसात तसंबी जंगल बंदच ऱ्हायते," ते शेवटी म्हणाले. "ट्रक आणते कोण? काटून टाका ते बारा महिने. अन् धुरा फुटला त आमी बांधून देऊ. आता त झालं?"

"झालं जी! आना शाई!" देवाजीनं खुशीत अंगठा उमटवला. कंपनीला रस्ता मिळाला.

उठताना तो शेठजवळ वाकला. आवाज त्यानं आपल्या परीनं हळूच केला होता, पण दोन बांध्यांपलीकडे हाक मारायची सवय! सगळ्या कचेरीला ऐकू गेलं.

"शेठ, राग नोका मानू. तुमच्या कंपनीनं वकील ठेवला हाय म्हन्ते. कुठी हाय तो? एवढी बातचीत झाली, तुमच्या बाजूनं एक शब्द नाई बोलला लेकाचा! त्याले आजच काढून टाका. अन् ठेवाचाच असन, त आमचे गुणवंतराव ठेवा!"

शेठनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी जमिनीकडे पाहिलं.

"बात बराबर हाय, देवाजीभाऊ," शेठ म्हणाले. "त्याले काढला. याले ठेवला."