अकराव्या फर्म्यातला हेन्री

आफताबच्या अलिझाला पहिलीत घातलं, ते साल दोन हजार सोळा. त्याच साली तिच्या आजोबांनी, म्हणजे नारायण पेठेतल्या मन्सूरभाई बाइंडरांनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी अक्षरं गिरवायला घेतली. अलिझा शाळेतून आली की दप्तर टाकून दुकानात यायची आणि आजोबांचा अभ्यास तपासायची. "दादाजान, वेलांटी परत उलटी!" असं ती भर गिऱ्हाइकांत ओरडायची. मन्सूरभाई मान खाली घालून वेलांटी सुलटी करायचे.

त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी हजारो पुस्तकं बांधली, ती एकही ओळ न वाचता. आकडे तेवढे येत होते आणि आकड्यांवर भागत होतं. सोळा पानांचा एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली मुंगीएवढा आकडा. एकावर दोन ठेवायचा, दोनावर तीन ठेवायचा, शिवायचं, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. चाळीस वर्षांत एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही. अक्षर आलं आणि पंचाईत झाली. नजर आकड्यावरून वर सरकून ओळीवर जायला लागली, आणि ओळीवर गेली की हात थांबायला लागला.

"अक्षर नव्हतं तेव्हा तुमचा हात शहाणा होता," त्यांच्या बेगम नसीमबानू म्हणायच्या. "अहो, वाचायचं तर वाचा, बांधायचं तर बांधा. दोन्ही एकदम काय करता?"

गेल्या दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आफताबनं विषय काढलाच. "अब्बा, बास झालं आता. दुकान बंद करा, घरी आराम करा."

"माझी चूक दाखव, उद्या बंद करतो."

"ठरलं? ज्या दिवशी एक फर्मा चुकेल, त्या दिवशी किल्ली माझ्याकडे."

"ठरलं," मन्सूरभाई म्हणाले. हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला पेठेतल्या जुन्या वाचनालयानं नाताळमालेची जुनी पुस्तकं नव्यानं बांधायला पाठवली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडच्या प्रेमकथा, मराठीत आणलेल्या. प्रत्येकीत बर्फ, बग्गी, मुलांना शिकवायला ठेवलेली एक गरीब बाई, एक ताठ मानेचा पुरुष, आणि काही झालं तरी नाताळपर्यंत लग्न. मन्सूरभाईंनी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पाटीत. पण 'बर्फातलं वचन' उसवलं आणि ते त्यात असे रुतले, की चहा गार झाला. अकराव्या फर्म्यात कॅप्टन हेन्री त्या गरीब क्लाराला मागणी घालतो. तिथे त्यांना दुसऱ्या पुस्तकाची आठवण झाली. 'पिवळ्या हवेलीतला नाताळ'. त्यातही एक हेन्री होता. हा तोच का, हे बघायला त्यांनी तेही उसवलं. एका वेळी टेबलावर एकच पुस्तक, हा त्यांचा पन्नास वर्षांचा दंडक. तो त्या दुपारी मोडला.

हा हेन्री वेगळा निघाला. अडुसष्ट वर्षांचा, संधिवातानं कण्हणारा, कंजूष सर हेन्री. अकराव्या फर्म्यात तो मरतो आणि हवेली पुतणीला मिळते. मन्सूरभाईंचे डोळे भरून आले. त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी फर्मे जुळवले. एकाच मापाची पानं, एकच टाइप. आकडे पाहिले, अकरा होते. दोन्हीकडे अकराच होते.

बावीस तारखेला ते वाचनालयात गेले, तेव्हा काउंटरवरचा अभय हसत होता. अभय म्हणजे आफताबचा शाळेतला दोस्त; त्याला कळलं की आफताबला कळलंच.

"चाचा, आपल्या जुन्या सभासद विमलाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या 'बर्फातलं वचन'मध्ये हेन्री एकशे सत्तराव्या पानावर मरतो आणि एकशे ऐंशीवर त्याचं लग्न लागतं. पंचवीसला नाताळच्या वाचक मेळाव्यात याच पुस्तकावर बोलणार आहेत."

मन्सूरभाईंना टेबलावरचे ते दोन अकरा आठवले. "आणि ते पिवळ्या हवेलीचं?"

"मांजरी गावातले उत्तरेश्वर काका घेऊन गेलेत. का हो?"

"काही नाही. खळ वाळली का ते बघायचं होतं."

हातात तीन दिवस होते. दोन पुस्तकं मिळवायची, दोन फर्मे अदलाबदल करायचे, शिवायचे, आणि अभयला कळायच्या आत परत नेऊन द्यायची. काम तासाभराचं. मन्सूरभाईंनी टोपी घातली आणि तडक विमलाबाईंचं घर गाठलं. दारावर पाटी होती : 'बेल एकदाच वाजवावी. आम्हाला ऐकू येते.' त्यांनी एकदाच वाजवली.

"बाई, ते पुस्तक जरा परत हवं होतं. खळ ओली राहिलीय. झुरळं येतील."

"आमच्या घरी झुरळं तुमच्या खळीची वाट बघत थांबलेली नाहीत," विमलाबाई म्हणाल्या. "मेळावा झाल्यावर न्या. पण आलाच आहात तर बसा. तुम्ही वाचता म्हणे हल्ली. मग सांगा, हा हेन्री मेला की नाही?"

मन्सूरभाईंनी टोपी काढली, परत घातली. "बेशुद्ध झाला असेल, बाई."

"डॉक्टरनं नाडी बघितली. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. पुरलाय त्याला!"

"तिकडचं पुरणं ते. बर्फात. बर्फ मऊ असतो."

चष्मा काढून विमलाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे मरणाचं सोंग. आणि कॅप्टनचा एकदम सर होतो, ते?"

"बढती," मन्सूरभाई म्हणाले. एक खोटं बोललं की पुढची आपोआप सुचतात, हे त्यांना एकाहत्तराव्या वर्षी कळत होतं.

"अहाहा!" विमलाबाई उठल्याच. "मी चाळीस वर्षं वाचतेय, पण असं कथानक नाही पाहिलं. मरणोत्तर बढती घेऊन माणूस बोहल्यावर! आता तर पुस्तक मुळीच देणार नाही. टिपणं काढायचीत."

संध्याकाळपर्यंत त्यांनी चार मैत्रिणींना फोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी 'बर्फातलं वचन'साठी सतरा जणांनी नावं नोंदवली होती.

एक पुस्तक अडलं, तरी मन्सूरभाई अडणाऱ्यातले नव्हते. दुसरं तरी आधी ताब्यात घेऊ, विमलाबाईंच्या पुस्तकाचं मग बघू, असं ठरवून ते मांजरीच्या बसमध्ये बसले. उत्तरेश्वर हे मूळचे धाराशिवकडचे, साखर कारखान्यात फिटर होते, आता मुलाच्या नव्या सोसायटीत राहात होते. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. आज त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मिशीला तेल लावलं होतं.

"या या, मन्सूरभाई! तुमचंच नाव काढत हुतो. काय पुस्तक बांधलंय राव!"

"त्याच्यासाठीच आलो. जरा परत—"

"आधी ऐका. त्यो सर हेन्री. अडुसष्ट वय. दीडशे पानं नुसता कण्हतोय, गुडघा धरून. आन् एकशे अडुसष्टाव्या पानावर काय करतो? थेट बर्फात गुडघं टेकतो! 'क्लारा, माझी होशील का?' म्हणतो. मी म्हणलं, उत्तरेश्वर, तुज्याहून एक वर्षानं ल्हान हाय त्यो. आन् मांजरीत तर बर्फ बी न्हाय."

मन्सूरभाईंनी घोटभर पाणी घेतलं. "पुढे वाचलंत?"

"कशाला? एवढं झाल्यावर पुढं काय वाचायचं?" उत्तरेश्वरांनी आवाज खाली आणला. "समोरच्या इमारतीत द्वारकाबाई हायत. रिटायर शिक्षिका. त्याबी एकट्याच. आमी बुधवारी एकाच बसनं वाचनालयात जातो. चार वर्षं झाली, तोंडातनं शब्द निघंना. काल म्या ते पुस्तकच त्यांना दिलं. एकशे अडुसष्टाव्या पानात उसाचं पाचट घातलंय खुणंला. म्हणलं, हे वाचा आन् मेळाव्यात काय ते सांगा."

मन्सूरभाई गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक चष्मेवाल्या बाई तुळशीला पाणी घालत होत्या. दार वाजवायचं, खळ ओली आहे म्हणायचं, पुस्तक घ्यायचं. फार तर दहा मिनिटं लागली असती. फर्मा जागच्या जागी गेला असता, किल्ली आपल्या खिशात राहिली असती. आणि पाचट तसंच एकशे अडुसष्टाव्या पानात राहिलं असतं. त्या पानावर खरा सर हेन्री शेवटचे आचके देतो.

"तुमी कायतरी परत मागत हुता?" उत्तरेश्वर म्हणाले.

"नाही," मन्सूरभाई म्हणाले. "तुमची मिशी चांगली दिसते, तेवढं सांगायला आलो."

घरी नसीमबानूंनी ताट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे किल्ली जाणार."

"जाणार."

"आणि तुम्ही गप्प बसणार."

"त्या बाईंचं उत्तर येईपर्यंत. त्यानंतर एक मिनिटही नाही."

त्यांनी त्या रात्री भाकरी दोन जास्त खाल्ल्या, आणि नसीमबानूंना कळलं की माणसाचा निश्चय झालेला आहे.

पंचवीस तारखेला वाचनालयाचा हॉल भरला. सुट्टी असल्यानं आफताब वडिलांना न्यायला आला होता. तो मागे अभयशेजारी उभा राहिला. पुढच्या रांगेत उत्तरेश्वर बसले होते, आणि एक खुर्ची सोडून द्वारकाबाई, मांडीवर पिवळ्या हवेलीचं पुस्तक. मधल्या खुर्चीवर कोणीच बसत नव्हतं.

विमलाबाईंनी वीस मिनिटं मरणाचं सोंग या विषयावर भाषण केलं. हेन्रीनं श्वास कसा रोखला असेल, शवपेटीला भोक कुठे असेल, सगळं सांगितलं. लोक माना डोलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. "मला आहे. आपल्या पुस्तकात क्लारा नावाची बाई आहे का हो?"

"नायिकाच आहे."

"माझ्या पुस्तकात ती अकराव्या फर्म्यात अचानक उगवते. पुढेमागे तिचा कुठे पत्ता नाही. तुमच्या अकराव्या फर्म्यात मार्गारेट नावाची पुतणी रडते का?"

विमलाबाईंनी पानं उलटली. "रडते. मला वाटलं, शेजारीण असेल."

उत्तरेश्वरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते दाराकडे बघायला लागले. मन्सूरभाईंना एवढंच दिसलं. बाईंचं उत्तर अजून आलं नव्हतं, पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं. ते उठून पुढे आले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "बांधता बांधता वाचत बसलो. दोन पुस्तकांचे फर्मे बदलले. मागणी घालणारा हेन्री पंचवीस वर्षांचा आहे. यात उत्तरेश्वररावांना काही हसू नका. त्यांनी पुस्तकावर भरवसा ठेवला, माझ्या बांधणीवर ठेवला." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि मागच्या रांगेकडे हात लांब केला. "ये, आफताब. ठरल्याप्रमाणे."

आफताबनं पुढे येऊन किल्ली घेतली, तेवढ्यात द्वारकाबाई बोलल्या. "थांबा. मी सदतीस वर्षं शिक्षिका होते. पान एकशे एकसष्टलाच कळलं मला की फर्मा चुकलाय. फर्मा बांधणाऱ्याचा चुकला." त्यांनी पुस्तकातून पाचट काढलं. "खूण घालणाऱ्याची काही चूक नव्हती. उत्तरेश्वरराव, मधे ही खुर्ची कुणासाठी ठेवलीय? इकडे सरका."

उत्तरेश्वर सरकले. सरकताना खुर्ची पडली, ती तशीच राहिली.

टाळ्या थांबेनात. त्या थांबल्यावर अभय म्हणाला, "ठीक आहे, दोन्ही पुस्तकं द्या, चाचा उद्या दुरुस्त करतील."

"दुरुस्त?" विमलाबाईंनी पुस्तक छातीशी धरलं. "सतरा जणांनी नावं कशासाठी नोंदवलीत? सरळ लग्न लागणारी पुस्तकं कपाटभर आहेत. हे आहे असं राहील."

"माझंही राहील," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बाई, पण चूक—" मन्सूरभाई म्हणाले.

"चूक दुरुस्तीला परत येते. ही आम्ही परत देत नाही. मग ती चूक कशी?"

आफताबनं हातातली किल्ली पाहिली, विमलाबाईंकडे पाहिलं. हिंजवडीत तो दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचंच काम करायचा, पण असा नियम त्यानं ऐकला नव्हता. त्यानं किल्ली वडिलांच्या खिशात परत टाकली आणि हळूच विचारलं, "अब्बा, मग नक्की मेलं कोण?"

हाच प्रश्न पुढच्या आठवड्याभरात काउंटरवर इतक्यांदा आला, की अभयनं हात टेकले. एक सूचना लावा म्हणाला, आणि ती ज्यानं गोंधळ घातला त्यानंच लिहावी. मन्सूरभाईंनी दुकान लवकर बंद केलं. जाड कागद घेतला, पट्टीनं रेषा मारल्या आणि जन्मात पहिल्यांदा लोकांनी वाचावं म्हणून काही लिहिलं. अलिझानं दहावीचा अभ्यास बाजूला ठेवून ते तपासलं. वेलांटी एकही उलटी नव्हती. ती सूचना अजून वाचनालयाच्या दारावर आहे :

'नाताळमालेच्या वाचकांस कळावे. कॅप्टन हेन्री सुखरूप आहेत. सर हेन्री, वय अडुसष्ट, हे दिनांक २४ डिसेंबर १८७१ रोजी संध्याकाळी सहा वाजता वारले. काउंटरवर विचारू नये.'